भाद्रपदातलं टोपडं

माझा मुलगा जन्मल्यापासून अडीच महिने रडला. लोक म्हणतात, सगळीच मुलं रडतात. रडत असतील. पण आमचं रत्न सकाळी सुरू व्हायचं ते दूध पिताना थांबायचं, तेवढंच. दूध संपलं की पुन्हा पहिल्यापासून. कोपऱ्यावरून ट्राम जायची, ती मला ऐकू येणं बंद झालं होतं.

चौऱ्याहत्तर साल होतं. यांची बदली कलकत्त्याला झाली आणि मीही बरीच खटपट करून त्याच शहरात नोकरी मिळवली. सरकारी कार्यालयात स्टेनो. दक्षिण कलकत्त्यात एका जुन्या घराच्या तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. वर घरमालकीणबाई राहायच्या, त्यांना सगळी गल्ली मासीमा म्हणायची. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण माझी आई मी शाळेत असतानाच गेलेली. म्हणून सासूबाई आल्या. साताऱ्याजवळच्या गावाहून दोन दिवसांचा प्रवास करून, एक ट्रंक घेऊन. ट्रंकेत गुटीचं सामान, वेखंड, बाळंतशेपा आणि जुन्या लुगड्यांची शिवलेली झबली-टोपडी.

त्यांचं सगळं शिस्तीत असे. सकाळी तेल, कढत पाणी, मग शेगडीवर ओवा आणि शेपा टाकून धुरी. मग टोपडं कानांवरून घट्ट बांधायचं, अंगात दोन झबली, वर दुपट्यात गुंडाळायचं. खिडक्या बंद, कारण वारं लागेल. पंखा बंद, त्याच कारणासाठी. कलकत्त्यात तेव्हा वीज सारखी जायची. आमचा पंखा बंदच, त्यामुळे दिवसा ती कधी गेली नि कधी आली, पत्ताही लागत नसे. माझेसुद्धा कान रुमालानं बांधलेले आणि प्यायला गरम पाणी. हे सगळं भाद्रपदात, जेव्हा त्या शहरात दोरीवरचा टॉवेल दोन दोन दिवस वाळत नाही.

मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. शॉर्टहँडमध्ये मी पहिली आले होते, पण बाळ कसं असतं याची मला अक्कल नव्हती. त्याच्या मानेच्या घड्यांत लाल पुरळ आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, पोटातली उष्णता बाहेर पडतेय, पडू दे. मी पडू दिली. रडण्याची कारणं मात्र रोज नवी निघायची. पोटात वारा धरलाय, दृष्ट लागलीय, मी वांगं खाल्लं. एकदा त्या म्हणाल्या की आईचं मन घरात नसलं की पोराला बरोबर कळतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण ते खरं होतं.

माझं मन घरात नव्हतंच. मला ऑफिस हवं होतं. टाइपरायटर, दहा माणसांची कुजबुज, दुपारचा मातीच्या खुरीतला चहा, आणि कुणीतरी आपलं नाव घेऊन काम सांगणं. त्या बंद खोलीत धुराच्या वासात बसले की वाटायचं, आता आपण इथून बाहेर पडत नाही. मुलाचा राग यायचा. मग रागाची लाज वाटायची, आणि लाजेपायी आणखी राग. हे आले की दोन मिनिटं त्याला खांद्यावर घेऊन फिरायचे, मग म्हणायचे, "आईला विचार ना." आणि पेपर उघडायचे.

अशात ऑफिसचं पत्र आलं. येत्या सोमवारी रुजू व्हा, आणखी रजा मिळणार नाही. माझी जागा कायम झालेली नव्हती, गेली असती तर गेलीच. दोन आया ठेवून पाहिल्या होत्या. एक त्या रडण्याला कंटाळून गेली, दुसरी सासूबाईंच्या सोवळ्याला. म्हणजे उरल्या त्याच. त्या मात्र पत्र ऐकून लगेच म्हणाल्या, जा तू, मी बघते. मला हायसं वाटलं आणि धास्तीही वाटली. कारण इंदूरच्या थोरल्या जाऊबाईंनी एकदा त्यांच्या गुटीला नावं ठेवली होती. सासूबाई भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ट्रंक भरून निघाल्या, त्या पुन्हा कधी त्या घराची पायरी चढल्या नाहीत.

रुजू व्हायच्या आधीच्या मंगळवारी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला बायकांचा कार्यक्रम होता. ओळखीच्या एक बाई सासूबाईंना टॅक्सीनं घेऊन गेल्या. मनसोक्त मराठी बोलायला मिळणार म्हणून त्या खुशीत होत्या. त्या गेल्या आणि आमच्या रत्नानं वरचा सूर लावला. अर्ध्या तासानं मासीमा जिना उतरून आल्या. त्यांच्या मोडक्या हिंदीत त्यांनी मला काहीतरी विचारलं, पण उत्तराला थांबल्या नाहीत. पहिल्यांदा खिडकी उघडली. मग दुपटं काढलं, टोपडं काढलं, दोन्ही झबली काढली. ओल्या फडक्यानं त्याचं अंग टिपलं आणि वरून आपली शीतलपाटी, म्हणजे तिकडची ती गवताची गार चटई, आणून तिच्यावर त्याला उघडाच ठेवला. म्हणाल्या, याला काही झालेलं नाही, फक्त उकडतंय.

त्यानं दोन हुंदके दिले आणि तो गप्प झाला. छताकडे बघत राहिला. मग झोपला. जन्मल्यापासून त्याचा झोपलेला चेहरा इतका निवांत मी पाहिलाच नव्हता. मी शेजारी बसून ढसाढसा रडले. मासीमांना वाटलं, आनंदानं.

साडेचार वाजले तशी मी त्याला उठवलं आणि पुन्हा बांधला. माझ्या हातांनी. झबली, दुपटं, टोपड्याची गाठ. खिडकी लावून घेतली. शीतलपाटी वर पोचवली आणि मासीमांना हात जोडून सांगितलं की सासूबाईंजवळ यातलं काही बोलू नका. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चटई गुंडाळून आत नेली. सासूबाई आल्या तेव्हा तो रडतच होता.

मी मनाशी हिशेब केला होता. आत्ता सांगावं तर बाई दुखावणार, ट्रंक भरणार, आणि माझा सोमवार गेला. दोन-तीन आठवडे जाऊ देत, त्या रुळल्या की हळूच विषय काढू. नाहीतर थंडी येईलच. त्या पूजेला बसल्या की मी टोपड्याची गाठ सैल करायची, पूजा आटोपली की पुन्हा आवळायची. बुधवार गेला, गुरुवार गेला. मी ऑफिसला जायच्या साड्यांना इस्त्री केली. तो रडत होता, आणि का रडतोय ते आता मला ठाऊक होतं. त्यामुळे ते रडणं वेगळंच ऐकू यायचं.

रविवारी दुपारी त्याचा घसा बसला. तोंड उघडायचा, पण आवाज नीट निघायचा नाही. सासूबाई त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होत्या. मधेच थांबल्या. बघते तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी. म्हणाल्या, माझ्या हाताला यश नाही गं, उद्यापासून एकटीनं कसं व्हायचं माझ्याच्यानं? त्या बाईला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं: मासीमा, खिडकी, चटई, झोप. सांगताना डोळ्यांसमोर ट्रंक दिसत होती.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "कधी कळलं तुला?"

"मंगळवारी."

त्यांनी बोटांच्या पेरांवर दिवस मोजले. "मला कळत नव्हतं म्हणून मी बांधत होते," त्या म्हणाल्या. "तुला तर कळत होतं ना?"

त्यांनी मुलाला पलंगावर ठेवलं, अंगावरचं सगळं काढलं, दोन्ही खिडक्या उघडल्या आणि पंखा लावला. ट्रंकेला त्यांनी हात लावला नाही. पुढं दीड वर्ष त्या आमच्याकडे राहिल्या, त्याला अतिशय मायेनं वाढवलं, आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. यांच्याजवळसुद्धा नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं मला अनेकदा वाटलं.

सोमवारी मी वेळेवर रुजू झाले. सगळे भेटायला आले, माझं टेबल कुणीतरी पुसून ठेवलं होतं. साहेबांनी मजकूर उतरवून घ्यायला बोलावलं आणि मी बसता बसता विचारलं, बाळ फार रडतं म्हणे? मी म्हटलं, नाही, आता नाही रडत. ते मजकूर सांगू लागले. माझी पेन्सिल वहीवर टेकलेली होती, आणि पहिलं वाक्य मला घेताच आलं नाही.