दोन डोक्यांच्या कॉम्प्युटरची खांदेमळणी

दोन प्रोसेसरचा कॉम्प्युटर बांधावा की नाही, याचा शेवटचा निर्णय आमच्या घरात बैल पारखणाऱ्या माणसाने घेतला.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच वर्षीचा उन्हाळा. मी परभणीत स्टेशनजवळ एका खोलीत कॉम्प्युटर क्लास काढला होता. क्लासमध्ये सगळं होतं. खुर्च्या होत्या, उदबत्ती होती, 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी होती. फक्त विद्यार्थी नव्हते (आणि होता तो एकुलता एक कॉम्प्युटर विजेच्या झटक्याने जळाला होता). माझे वडील, अण्णा, निवृत्त मास्तर. पत्रिका मांडण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. त्यांनी मला निर्वाणीचं सांगितलं, "अक्षय्य तृतीयेपर्यंत तुझं दुकान उभं राहिलं तर ठीक. न्हाई तर राणीसावरगावच्या शाळेत कारकुनाची जागा हाय. शाळेच्या बापूरावांशी बोललोय मी."

कारकून! पुण्याला जाऊन कोर्स करून आलेला माणूस मी! कॉम्प्युटरमधलं माझ्याइतकं परभणीत कोणालाच कळत नाही, असं माझं ठाम मत होतं. (इतरांचं मत विचारायच्या भानगडीत मी कधी पडलो नाही.)

त्यातच बातमी लागली की हैदराबादला मोडीच्या बाजारात एक बोर्ड आलाय आणि त्याच्यावर एकाऐवजी दोन प्रोसेसर बसतात. म्हणजे एका कॉम्प्युटरला दोन डोकी! मला रात्रभर झोप आली नाही. एक डोकं मुलाची पत्रिका मांडील, दुसरं मुलीची, आणि दोघं मिळून गुण जुळवतील. ऐन लगीनसराईत याहून चांगला धंदा कोणता? सकाळी मी ही योजना घरापुढे मांडली.

"आन गुण कोण मोजणार?" अण्णांनी विचारलं. "त्याला तिसरा लागंल की!"

"ते दोघं आपसात ठरवतात, अण्णा."

"मुलाकडचा आन मुलीकडचा आपसात ठरवायलेत? मग आजवर मी मधी कामून बसलो?"

माझी बायको सुनंदा ताक घुसळत होती. ती म्हणाली, "अहो, एकच डोकं आणा. उरलेल्या पैशात कूलर येईल. माणसं भाजायलीत या उन्हात."

घरात दोन तट पडले. एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला उरलेलं घर! तेवढ्यात पेडगावहून दत्तूकाका आले. हे अण्णांचे धाकटे भाऊ. बाजारात बैलाचे दात बघून त्याच्या आधीच्या मालकाचा स्वभाव सांगायचे. त्यांनी पाणी पिता पिता सगळं ऐकून घेतलं आणि चौकशी सुरू केली.

"जोडी एका वयाची हाय का?"

"एकाच कारखान्यातली आहे, काका."

"रंग?"

"दोन्ही काळे."

"काही खोड?"

"अजून तरी दिसली नाही."

"मग इचार कसला करायलास? एका बैलावर तिफण चालती का? जोडीच आण!"

झालं! अण्णांनी माघार घेतली, कूलर बारगळला आणि सुनंदा त्या दिवसापासून हातपंख्याने वारा घेताना त्यातली एकही झुळूक माझ्याकडे येऊ देईना.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी मी बांधणीला बसलो. प्रोसेसर चालू झाला की तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावर धातूची जाळी बसवायची आणि मध्ये एक पांढरा लेप लावायचा. मी पहिल्या प्रोसेसरला तो लेप इतक्या प्रेमाने चोळला की काका वाकून बघायला लागले.

"खांदेमळणी करायलास व्हय?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात, ती खांदेमळणी. मी घाईत म्हणालो, "तसंच समजा, काका." (हे वाक्य मी गिळलं असतं तर!)

दुसऱ्याच्या वेळी ट्यूब संपली. मी सायकल काढून अख्खी परभणी पालथी घातली. कोणी मला फेव्हिकॉल दाखवला, कोणी टूथपेस्ट. हात हलवत परत आलो तर जाळ्या दोन्ही बसवलेल्या!

"लेप?"

"लावला की," काका म्हणाले. "मस्त मळलाय."

ट्यूबमध्ये थोडाफार उरला असेल, असं मी समजलो. पुढे विचारायला वेळच नव्हता, कारण दारात बापूराव उभे होते. मला राणीसावरगावला घेऊन जायला आले होते आणि आलोच आहोत तर म्हणून लेकीची आणि पाथरीच्या एका मुलाची जन्मवेळही घेऊन आले होते. अण्णांनी डाव टाकला, "मी हातानं मांडतो, हा यंत्रावर. दोघांचं उत्तर जुळलं तर यंत्र ऱ्हाईल. न्हाई जुळलं तर पोरगा तुमचा."

मी बटण दाबलं. कॉम्प्युटर चालू झाला! पंखा फिरला, पडद्यावर ग्रह आले, खालच्या स्टुलावरचा प्रिंटर करकरायला लागला. आणि खोलीत साजूक तुपाचा वास सुटला.

कॉम्प्युटरला जळका वास येतो, हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. तुपाचा येतो, हे शिकवलं नव्हतं. मी काकांकडे बघितलं.

"पेडगावचं तूप हाय," काका अभिमानाने म्हणाले. "घरची हळद बी घातलीय!"

माझा हात बटणाकडे गेला. पण वासाने बापूराव उठून उभे राहिले होते, आणि शेजारचा कापडवाला दारातून विचारत होता, "आत होम चालू हाय का?" तेवढ्यात कॉम्प्युटरच्या उघड्या पेटीतून एक पिवळा थेंब निघाला, टेबलाच्या कडेवर घुटमळला आणि छापून येणाऱ्या पत्रिकेवर, बरोबर नवरीच्या नावावर पडला!

मी मनातल्या मनात राणीसावरगावला खोलीही भाड्याने घेतली.

"अण्णा," बापूरावांनी त्या कागदाला हात जोडले, "हळद लागली हो माझ्या लेकीला!"

अण्णांनी चष्मा सावरून आपला कागद कॉम्प्युटरच्या कागदाशेजारी धरला. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. "सगळं जुळायलंय," ते म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चारचौघांत माझ्या पाठीवर हात ठेवला. मला रडूच आलं. (तुपाचा धूर डोळ्यांत गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं.)

"याला कारकून करून काय करता?" बापूराव म्हणाले. "हितंच ऱ्हाऊ द्या याला!"

त्या लगीनसराईत आम्ही परभणी जिंकली! पाथरीहून जीप भरभरून माणसं यायची आणि आल्या आल्या विचारायची, "तुपावर चालणारा कॉम्प्युटर हाच का?" सुनंदाला कूलर आला. काका महिन्याच्या महिन्याला वाटीभर तूप घेऊन मळणीला यायचे, आणि मी नको म्हटलं तर गिऱ्हाइकंच हट्ट धरायची.

पुढच्या वर्षी हैदराबादचा मेकॅनिक साफसफाईला आला. त्याने पेटी उघडली आणि हसत सुटला. म्हणाला, "साहब, तुमच्या पत्रिकेच्या प्रोग्रॅमला एकच प्रोसेसर कळतो. दुसरा बसवल्यापासून नुसता बसून हाय!"

"कोणता बसून आहे?" मी विचारलं.

त्याने बोट दाखवलं. काकांचा तूप-हळदीवाला वर्षभर सगळ्या जिल्ह्याची लग्नं जुळवत होता. मी पुण्याच्या ज्ञानाने, पांढरा लेप लावून, जिवापाड प्रेमाने बसवलेल्या प्रोसेसरने एका ग्रहालाही हात लावला नव्हता.

मी तो काढायला निघालो तर काकांनी जोडी फोडू दिली नाही. सुनंदाने कूलरचं तोंड आपल्याकडे वळवून घेतलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हो. दिवसभर दुकानात नुसतं बसायला तुमाला सोबत होईल."