दीड किलो

वजनी गटातल्या कबड्डीविषयी लोक चढायांच्या गोष्टी सांगतात. कुणी कुणाला कसा उचलून आपटला, कोण एका दमात तिघांना बाद करून आला. उपासाविषयी कुणी बोलत नाही. आमचा तो सगळा मोसम उपासात आणि काट्यावर गेला, आणि तो काटा आठवला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

नव्वदीच्या शेवटची वर्षं होती. येडगाव धरणाच्या अलीकडे आमचं गाव, गावाचं मंडळ आणि मंडळाचा पंचावन्न किलो वजनी गटाचा संघ. मी डाव्या कोपऱ्यावर खेळायचो. आलेल्याचा घोटा धरायचा आणि सोडायचा नाही, एवढंच माझं काम. माघात यात्रा सुरू झाल्या की आमचा मोसम सुरू व्हायचा, तो चैत्र संपेपर्यंत. आज या गावची यात्रा, चार दिवसांनी त्या. खोडदला खेळलो तेव्हा तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या भल्यामोठ्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून होत्या आणि आमच्याकडे बघायला निम्मं गाव.

संघाचं सगळं बघायचा आमच्या फाट्यावरचा कांद्याचा व्यापारी. त्याला सगळे शेठ म्हणत. बनियन त्याच्या, टेम्पो त्याचा आणि वजनाचा काटाही त्याचाच. यात्रेतल्या पंचांकडे कुठला आलाय काटा? म्हणून शेठचा काटा आमच्याबरोबर टेम्पोतून गावोगाव जायचा आणि आलेले सगळे संघ त्याच्यावरच चढायचे. लोक म्हणायचे, "शेठचं मन लई मोठं." मोठं मन कसलं डोंबलाचं!

तो काटा चालवायचो मी. एरवी शेठच्या गाळ्यावर कांद्याच्या गोण्यांची वजनं करायचं कामही माझ्याकडेच होतं. कामाच्या पहिल्याच दिवशी शेठनं बजावलं होतं, "काट्याच्या पोटाला हात लावायचा न्हाई. हाय तसा चालू द्यायचा." दोन दिवसांत मला उमगलं, की पन्नास किलोच्या गोणीमागं तो दीड किलो खातो. उमगलं आणि मी मूग गिळून बसलो. धंदा असाच असतो, असं मी स्वतःला सांगितलं.

आमचा चढाईचा गडी माझा पहिलीपासूनचा मित्र. घर मूळचं मेंढरं राखणारं. आता वडिलांकडे थोडी मेंढरं आणि कालव्याकडेला कांदा. तो पलीकडच्या अंगणात शिरला की हात लावून परत कधी आला ते कळायचं नाही. पण अंगानं चांगला साठ किलोचा. त्याला पंचावन्नावर आणायचं म्हणजे मी हात धुऊन त्याच्या मागे लागायचो. दिवसाला एक भाकरी. वजनाच्या आदल्या दिवशी पाणीसुद्धा नाही, नुसतं ओलं फडकं ओठाला. "लेका, तुझ्या काट्यानं जीव घेतला माझा," तो म्हणायचा. काटा पंचावन्नावर थांबला की मी आकडा ओरडायचो, आणि तो तांब्याभर पाणी उभ्या उभ्या घशात ओतायचा. त्या वर्षी आम्ही एकाही यात्रेत हरलो नाही.

शेवटची मोठी स्पर्धा होती आंबेगाव तालुक्यात, डिंभ्याच्या बाजूच्या एका गावी. तिथं जिल्ह्याचा संघ निवडणारे पुण्याहून येणार होते. जिल्ह्याकडून खेळल्याचं प्रमाणपत्र असलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता यायचा. माझा मित्र भरतीत दोनदा थोडक्यात हुकला होता आणि वयाच्या अटीत त्याचं ते शेवटचंच वर्ष होतं. माझी कबड्डी हौसेची होती, त्याची तशी नव्हती.

तिथं स्पर्धेचं बघत होते शाळेचे हेडमास्तर. त्यांनी गावच्या दूध डेअरीतला काटा आणून ठेवला होता. मित्र चढला. गुरुजींनी वजन सरकवलं आणि म्हणाले, "साडेछप्पन." तो हसला, खाली उतरला, परत चढला. साडेछप्पन. मग मी चढलो, मग बाकीचे. सातातले सहा जण जास्त भरलो.

वजन उतरवायला एक तास मिळाला. चैत्राचं ऊन, आणि मित्र वडिलांची घोंगडी पांघरून मैदानाला फेऱ्या मारत होता. घाम येईना. आदल्या दिवसापासून पाणी पोटात नव्हतं, घाम येणार कुठून? तासाभरात पाव किलोसुद्धा उतरलं नाही.

इकडे शेठनं तोंडाचा पट्टा सुरू केला. "तुमचा काटा खोटा हाय!" गुरुजी शांत माणूस. त्यांनी वीस किलोचं सरकारी शिक्क्याचं वजन मागवलं आणि डेअरीच्या काट्यावर ठेवलं. बरोबर वीस.

"आता तुमचा काटा टेम्पोतून खाली घ्या," गुरुजी म्हणाले. "तो खोटा निघाला तर पोरांचा दोष न्हाई. मी पंचांशी बोलतो. उद्या सकाळी परत वजन घेऊ, सामना उद्याच."

एवढं सोपं होतं. एक रात्र मिळाली असती, आणि तो दीड किलो आम्ही एका रात्रीत कसाही उतरवला असता. शेठचा चेहरा मात्र पडला. आजूबाजूला सगळे कांदा पिकवणारे शेतकरीच उभे होते. "राहू द्या हो गुरुजी," तो म्हणाला, "पोरांनीच काल काईतरी खाल्लं आसंल."

खाल्लं असेल! तीन महिने ज्यांनी भाकरीचे तुकडे मोजले, त्यांच्या तोंडावर हे! कुंपणानं शेत खाल्लं आणि नाव पिकाचं घेतलं.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "काटा तू चालवतोस ना रं? बरोबर हाय का?"

मित्र घोंगडी पांघरून तिथंच उभा होता, ओठ पांढरे पडलेले. शेठ माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "बरोबर हाय."

शेठला मी आयुष्यभर शिव्या देत आलो, पण त्यातल्या निम्म्या माझ्या वाट्याच्या आहेत. काम जाईल, एवढंच त्या वेळी मनात आलं. आणि त्याहून लाज वाटते ती माझ्या अकलेची. रोज गोणीमागं दीड किलो जाताना बघणाऱ्या मला, त्याच काट्यावर मित्राला चढवताना एकदाही शंका आली नाही. काटा कांदाच खातो, असं मी धरून चाललो होतो.

आमच्याविना स्पर्धा झाली. परत येताना टेम्पोत काटा आमच्या दोघांच्या मध्ये होता. "मी काय खाल्लं न्हवतं," मित्र म्हणाला, "तुला ठाऊक हाय." मी नुसतं हं केलं. गावात मात्र बभ्रा झाला, की पोरांनी जत्रेत जिलेबी हाणली. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसली तऱ्हा. शेठनं पुढच्या वर्षी संघ काढलाच नाही.

गाळ्यावरचं काम मी सोडलं नाही, हेही सांगून टाकतो. पुढच्या उन्हाळ्यात मित्र वडिलांचा कांदा घेऊन आला. रांग मोठी होती. त्याची पाळी आली तेव्हा मी गोणीला हात घातला.

"थांब," तो म्हणाला. "आदी माझं कर."

तो काट्यावर चढला. "सकाळी सरकारी दवाखान्यात साठ भरलोय. बोल किती."

मी वजन सरकवलं. शेठ गादीवरून उठून उभा राहिला. रांगेतले शेतकरी पुढं सरकले.

"साडेअठ्ठावन्न," मी ओरडलो, अगदी यात्रेत ओरडायचो तसा. "काटा दीड किलो खातो."

मित्र खाली उतरला. "हे तवा बोलायचं व्हतं, राव," तो म्हणाला, आणि आपल्या गोण्या परत ट्रॉलीत चढवू लागला. मी हात लावायला पुढं झालो. त्यानं गोणी दुसऱ्या खांद्यावर घेतली.