न सांगता येणाऱ्यांचा रकाना

माझ्या थोरल्या साडूइतका उद्यावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात झाला नसेल. (वयाने माझ्याएवढाच, म्हणून एकेरी.) आज काय चाललंय याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसे. पंचायत समित्या नव्याने निघाल्या तेव्हा तो चिखलीकडच्या एका कचेरीत अंदाजपत्रकाच्या टेबलावर बसला आणि त्याच्या हाती आखीव कागद पडले. झालं! एक ताव पुरेना म्हणून खळ लावून तो तावाला ताव जोडी. उभी गावं, आडवे महिने, असा सतरंजीएवढा तक्ता कचेरीत अंथरला जाई. मग प्रत्येक ग्रामसेवकाने चपला काढून, गुडघे टेकून, आपल्या गावाच्या चौकटीत पुढच्या सालाचा आकडा स्वतःच्या हाताने भरायचा. "दुसऱ्यानं भरलेला आकडा पोरका असते," म्हणे. उभी आणि आडवी बेरीज खालच्या कोपऱ्यात जुळली की हा "लागलं लगन!" असं ओरडे आणि सगळ्यांना चहा पाजी. सासुरवाडीला येतानाही आपण किती पोळ्या खाणार हे तो आधी कळवी. वर आग्रह केला तर ताटावर हात आडवा धरी, "तरतूद नाही."

आमच्या धाकट्या मेहुणीचं लग्न सासुरवाडीलाच, साखरखेर्ड्याला ठरलं आणि सासऱ्यांची झोप उडाली. कारण माझंच लग्न. त्यात शेवटच्या पंगतीला वरण संपलं होतं, आणि माझ्या आत्याबाईंनी तो विषय मात्र कधी संपू दिला नाही. पुन्हा तसं झालं तर गावात मान वर करता येणार नाही, असं सासरे येताजाता म्हणत. त्यात गावाला चूलबंद आवतण! म्हणजे त्या दिवशी कुणी घरी चूल पेटवायची नाही, असतील नसतील तेवढ्यांनी जेवायला यायचं. किती येतील, कोण सांगणार?

साडूने अंगणात चुन्याने तक्ता आखला. उभी घरं, आडवे रकाने: घरचे, घरी आलेले पाव्हणे आणि शेवटचा, न सांगता येणारे. घरोघरच्या बायकांनी येऊन माणशी एक ज्वारीचा दाणा ठेवायचा. शेवटचा रकाना तो स्वतः भरी, मूठमूठ. संध्याकाळी बेरजा जुळल्या, आरोळी झाली, चहा झाला. सकाळी पाहतो तर शेजारच्या कोंबड्यांनी अर्धं गाव टिपलेलं!

सासरे ओट्यावर मटकन बसले. "जवाई, माही अब्रू कोंबड्यायनं खाल्ली हो!"

"काऊन घाबरता मामाजी?" साडू म्हणाला. "चिंचोके मांडू."

गाव पुन्हा आलं. पहिल्यांदा संकोचाने दोनच दाणे ठेवून गेलेल्या बायांची आता भीड चेपली होती. त्यांनी हसतखेळत खरे तेवढे चिंचोके मांडले. रास चांगलीच वाढली. मी बोटांवर खर्चाचा हिशेब करू लागलो.

"शेवटचा रकाना तरी कमी कर ना बे," मी म्हणालो.

"काऊन बे? सांगून नाही आले म्हून त्यायले उपाशी धाडाचं काय?"

लग्नाच्या दिवशी पंगतीवर पंगती उठल्या. उन्हं उतरली, शेवटची पंगत हात धुवायला गेली, आणि तेवढ्यात फाट्यावर एसटी बंद पडली. गाडीतली सगळी माणसं, कंडक्टर-ड्रायव्हरसकट, मांडवाच्या सावलीला आली. सासऱ्यांचा चेहरा पार उतरला. साडू मात्र कमरेला उपरणं बांधून ओरडला, "बसवा! यायचा रकाना हाये आपल्यापाशी!" बट्ट्या पुरल्या, वरण पुरलं, दुसऱ्यांदा वाढूनही पितळी गंजाच्या तळाशी उरलं. आत्याबाईंनी गंजात वाकून पाहिलं आणि त्यांचा तो विषय एकदाचा संपला. वाजंत्रीवाल्यांनी साडूला खांद्यावर घेतला. सासरे धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते आणि अख्खा मांडव ओरडत होता, "लागलं लगन!" आपलाच साडू म्हणून मीही छाती काढून फिरलो.

त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. जाण्याचा अंदाज तेवढा त्याने कुणाला दिला नाही. परवा नातीच्या लग्नात आचाऱ्याने विचारलं, "बाबा, पानं किती धरू?" मी आकडा सांगितला आणि वर मूठभर जास्त धरायला लावली.

"हे कोन?"

"न सांगता येनारे."

शेवटची पंगत उठेपर्यंत मी मांडवाच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो. फार आठवण येत होती त्याची. आला असता तर सांगून थोडाच आला असता!