बांबूवरची गाठ

रंगनाथ पहिल्यांदा बन्सीधर गुरुजींच्या नजरेत भरला तो मंडपात उकिडवा बसून बांबूला वायर बांधताना. १९७९चा जानेवारी होता. ताडकळसच्या शाळेत नव्या खोलीचं उद्घाटन होतं आणि परभणीच्या लाऊडस्पीकरवाल्यानं सामानासोबत त्याला पाठवलं होतं. तिशीचा, कमी बोलणारा माणूस, बौद्ध वस्तीतला. विद्यापीठाच्या नावावरून आदल्याच पावसाळ्यात खेड्यापाड्यांतल्या अशाच वस्त्या जाळल्या गेल्या होत्या. खोली बांधून देणारे आबासाहेब तेव्हा नामांतराच्या विरोधात चावडीवर बोलले होते. आपलं भाषण हा बंद पाडणार, अशी त्यांना धास्ती. त्यांनी गुरुजींना लक्ष ठेवायला बजावलं होतं.

गुरुजी पाहत राहिले. माइकची वायर सरळ आवाजाच्या मशीनपर्यंत न नेता रंगनाथनं ती वाटेतल्या बांबूला गुंडाळली, गाठ मारली, पुढं हातभर वायर ढिली सोडली आणि वर सतरंजीची कड ओढली. ही लपवाछपवी कशाला? त्यांनी विचारलं नाही. तो पाणी प्यायला हौदाकडं गेला, तसे ते वाकले आणि गाठ सोडून मोकळे झाले.

आबासाहेब बोलायला उभे राहिले. हार घालायला पुढं आलेल्या सरपंचांचा पाय वायरीत अडकला, झटक्यासरशी मशीनमधली पिन निघाली आणि कर्णा मुका झाला. दोघंतिघं उठले. एकानं रंगनाथची गचांडी धरली.

"आवाज बंद कराया आलता ह्यो."

रंगनाथ बांबूकडं बघत होता. "मी गाठ मारली होती हितं. पाय अडकला तर ओढ बांबूवर बसावी म्हणून. सोडली कुणी?"

खरं सांगावं तर गुरुजींवरच येणार होतं. आबासाहेबांनी मनात आणलं तर उद्या बदली. पण त्या माणसाची मूठ आणखी आवळत होती.

"मी सोडली," गुरुजी म्हणाले. "मला संशय आला."

मूठ सुटली. रंगनाथनं पिन बसवली, पुन्हा गाठ मारली. भाषण पार पडलं. वायर कोपरावर गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "गुरुजी, इचारायचं तरी. मी काय सांगितलं नसतं?"

बदली झाली नाही. पुढची पंधरा वर्षं, नामांतर झालं त्या सालापर्यंत, शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला गुरुजी रंगनाथलाच बोलवत. तो यायचा, पण गुरुजी जवळून गेले की गाठ एकदा हातानं चाचपून बघायचा. गुरुजींनी कधी मनाला लावून घेतलं नाही.

रंगनाथ आता पंचाहत्तरीला आला आहे. पूर्णेला लेकाकडं राहतो.