लेकीचं डोकं दुखतंय!

फजितीच ऐकायची ना? मग माझीच सांगतो. चहा घ्या, गार होतोय.

पंचाहत्तर साल असेल. मी फौजेत हवालदार. वर्षभराने सुट्टी मिळाली, वाईजवळच्या आमच्या गावी निघालो. दहा महिन्यांची सुमन, माझी लेक, पहिल्यांदाच बघणार होतो. पोर मला बिलगेल का? साऱ्या वाटेनं तीच धास्ती!

दारात बायकोनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. "घ्या तुमची लेक! उसाला पाण्याची पाळी हाय, आलेच," म्हणत मळ्याकडे पळाली.

सुमन रडली नाही, हसलीही नाही. टक लावून बघितलं आणि डावा पंजा फाडकन स्वतःच्या कानशिलावर मारला. हात तिथंच!

मी घाबरलो. शेजारच्या शेवंताकाकूंना हाक मारली.

"काकू, पोरीचं डोकं दुखतंय!"

"डोकं न्हाई रं, कान ठणकतोय!"

लसणीचं कोमट तेल कानात घातलं. काकूंच्या मांडीवर पोर खुदुखुदु हसतेय. माझ्याकडे दिली की फाडकन!

"दिष्ट लागली गड्या!" काकूंनी मीठ-मोहऱ्या उतरल्या. पुन्हा फाडकन!

मग कसला दम निघतोय? अंगावरच्या वर्दीनिशीच पोर उचलली आणि वाईची एसटी गाठली.

डॉक्टरांनी कान, घसा, डोळे, सगळं तपासलं. त्यांच्याजवळ पोर गप्प. माझ्या हातात आली की फाडकन!

"हवालदार, हिला तुम्हाला बघूनच त्रास होतोय," डॉक्टर हसत म्हणाले.

खोटं कशाला सांगू? माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मागच्या गाडीनं बायको आली. पाय चिखलानं भरलेले.

"आवं, काय मांडलंय ह्ये?"

"डोकं दुखतंय तिचं!"

"कशाचं डोकं? सलाम करतीया ती तुमास्नी! रोज सांजंला तुमच्या फोटूम्होरं हुबी करून शिकिवलाय म्या. फोटू काय उलटा सलाम देत न्हाई, पर तुमी तरी द्याल का न्हाई?"

दहा महिन्यांची पोर हो! तोंडात एक शब्द नाही, पण वर्दीतला बाप बरोब्बर ओळखला, आणि दिवसभर न कंटाळता सांगत राहिली. केवढी हुशार माझी लेक! आणि शिकवणारी तिची आई!

दवाखान्यातच टाचा जुळवून मी कडक सलाम ठोकला. सुमननं हात खाली घेतला, दोन दात दाखवून हसली आणि झेप घेऊन गळ्यात पडली.

सलामीला उत्तर न देणाऱ्या साहेबाला आम्ही जवान पाठीमागे काय काय बोलायचो, ते इथं सांगण्यासारखं नाही. नशीब माझं, पोरीला अजून बोलता येत नव्हतं!