चंद्र उगवायच्या आधी

“ती मला ओळखत नाहीये हो,” फोनवरचे गृहस्थ म्हणाले. वाक्य इंग्रजीत सुरू झालं होतं, संपलं मराठीत. माणूस घाबरला की त्याचं इंग्रजी आधी पळून जातं.

“काका, मी मराठीच आहे. सावकाश सांगा.”

अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत सकाळचे सव्वानऊ वाजले होते. फोन फ्लोरेन्सहून होता, तिथे दुपारचे सव्वाचार. माझं काम हेडसेट लावून बसायचं. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेऊन परदेशी गेलेल्या माणसाला तिथे काही झालं, की फोन आमच्याकडे येतो. मी नर्स आहे. वीस वर्षं वॉर्डात काढली, आता पेशंट न बघता पेशंट बघते. कोणाचं किती गंभीर आहे आणि आधी काय करायचं, ते ठरवायचं. याला ट्रायाज म्हणतात.

स्क्रीनवर फाइल उघडली. अरविंदकाका, बहात्तर. सुमनकाकू, सदुसष्ट, डायबेटिस, त्यासाठी रोज सकाळी एक गोळी. सहा महिने मिशिगनमध्ये नोव्हायला मुलाकडे राहून दोघं पुण्याला परत निघाले होते. काकू शाळेत चित्रकला शिकवायच्या. आयुष्यभर पुस्तकात बघितलेली चित्रं एकदा भिंतीवर बघायची, म्हणून मुलाने वाटेत फ्लोरेन्सचे चार दिवस काढून दिले होते.

“काय झालं नेमकं?”

“सकाळपासून गॅलरीत फिरलो. तीन वाजता म्हणाली, पाय थरथरतायत. कशीबशी हॉटेलवर आणली. तीन मजले, लिफ्ट नाही. म्हणे हॉटेल जुन्या पॅलेसात आहे! आता घामाने चिंब झालीये. जीभ जड झालीये, काहीतरीच बोलतेय. मला म्हणाली, सर, हजेरी झाली का?”

डायबेटिसवाल्याला घाम आणि बरळणं म्हटल्यावर पहिला संशय साखर उतरल्याचा. पण जीभ जड होणं स्ट्रोकचंही लक्षण असतं, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अडणं. आणि इथे दोन वाटा अगदी उलट जातात. साखर उतरली असेल तर तोंडात लगेच गोड घालावं लागतं. स्ट्रोक असेल तर तोंडात काही घालायचं नाही. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

“काकू जेवल्यात का?”

“हॉटेलचा ब्रेकफास्ट होता ना सकाळी. भरपूर असतो.”

“शुगरचं मशीन?”

“नोव्हायलाच राहिलं.”

म्हणजे खाल्लं होतं. मी स्ट्रोकच्या चेकलिस्टकडे वळले. हात वर करायला सांगा, हसायला सांगा. काकू दोन्ही करेनात. आमच्या इटलीतल्या डेस्कने अँब्युलन्स मागवली. उत्तर आलं: गल्ल्या अरुंद, टूरिस्टांची गर्दी, पंधरा-वीस मिनिटं लागतील.

गंभीर केस असली की टीम लीड लाइनवर येते. डेना आली. तेवढ्यात खोलीत हॉटेलची मालकीण शिरली. काकांनी फोन स्पीकरवर टाकला.

“काळजी नको,” मालकीणबाई झोकदार इंग्रजीत म्हणाल्या. “आमच्या शहरात असं होतं. सौंदर्याचा अतिरेक. संवेदनशील माणसांना चक्कर येते. खिडक्या बंद करा, विश्रांती घेऊ दे.”

“अरे हो! मी याबद्दल वाचलंय,” डेना माझ्या कानात म्हणाली. “आणि त्या आर्ट टीचर आहेत. शक्य आहे ना?”

“डेना, चित्र बघून जीभ जड होत नाही.”

“कल्पना मोठी सुंदर आहे, एवढंच म्हणतेय.”

सुंदर कल्पनांचं हेच असतं. त्यांना घाई नसते. मला होती. काकूंचं बोलणं थांबलं होतं. फोन त्यांच्या तोंडाजवळ धरायला सांगितला आणि मी श्वास मोजायला लागले. वॉर्डात असते तर हात धरला असता, बोटात सुई टोचून पाच सेकंदांत आकडा बघितला असता. इथे फक्त आवाज. एका श्वासानंतर दुसरा यायला वेळ लागत होता. साडेसात हजार किलोमीटरवर एक बाई विझत होती आणि मी कोणत्या वाटेने जायचं ते ठरवत होते.

“काका, नाडी बघा. मनगटावर तीन बोटं ठेवा.”

ते घाबऱ्या आवाजात मोजायला लागले. माझी नजर डेस्कवरच्या कॅलेंडरवर गेली. मराठी किराणा दुकानातून फुकट मिळालेलं, मी ते रजा टाकायच्या तारखा बघायला ठेवते. आम्ही बौद्ध, आमच्या घरी उपासतापास नाहीत. पण नागपूरच्या नर्सिंग हॉस्टेलात माझी रूममेट दर महिन्याला एक दिवस चंद्र उगवेपर्यंत उपाशी राहायची आणि संध्याकाळी माझ्यावर खेकसायची. त्या सकाळच्या तारखेच्या चौकटीत त्याच उपासाचं नाव छापलेलं होतं.

“काका, आज संकष्टी आहे. काकूंनी उपास धरलाय का?”

मोजणं थांबलं.

“काका!”

“दर महिन्याला धरते. मुलाला सांगू नका, तो चिडतो.”

“मग ब्रेकफास्ट?”

“तो मी केला. तिने काळी कॉफी घेतली. इथे कुठे साबुदाणा मिळणार?”

“आणि गोळी?”

“घेतली ना. गोळी म्हणजे काय खाणं आहे का?”

ही गोळी साखर खाली ढकलत राहते. पोटात काही आहे की नाही, हे ती विचारत नाही.

“काका, साखर शोधा. आत्ता.”

“आहे,” ते हळूच म्हणाले. “खिशात पुड्या आहेत. ब्रेकफास्टच्या टेबलावरच्या. चहाला लागतात म्हणून उचलल्या.”

हॉटेलातल्या पुड्या खिशात टाकणाऱ्या आपल्या लोकांना मी आयुष्यभर हसले आहे. त्या क्षणी मी काकांच्या पाया पडायला तयार होते.

“काकूंना कुशीवर वळवा. पाण्याच्या दोन-चार थेंबांत साखर कालवा, बोटाने गालाच्या आतून चोळा. प्यायला देऊ नका.”

थोडा वेळ नुसती धडपड ऐकू आली. मग काका रडायलाच लागले. “दात आवळलेत हो तिने. मान हलवतेय. उपास... उपास म्हणतेय.”

नवरा आठवत नव्हता, उपास आठवत होता. पण ऐकू येत होतं, हे महत्त्वाचं.

“फोन त्यांच्या कानाला लावा.”

कॅलेंडरवर चंद्रोदयाची वेळही छापली होती. पुण्यात अजून पाऊण तास होता. फ्लोरेन्समध्ये तर लख्ख ऊन असणार.

“काकू,” मी मोठ्याने म्हणाले, “पुण्यात चंद्र उगवला. मी बघितला. उपास सोडा.”

काही सेकंद नुसता श्वास. मग काका म्हणाले, “उघडलं. तोंड उघडलं.”

एक पुडी, मग दुसरी, मग तिसरी. दहा मिनिटांनी पलीकडून बारीक, चिडका आवाज आला: “अहो, खिडक्या कोणी लावल्या? केवढं उकडतंय.”

मी हेडसेट न काढताच टेबलावर डोकं टेकलं.

अँब्युलन्स नंतर पोचली. त्या गोळीचा असर रेंगाळतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून हॉस्पिटलने त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. रिपोर्टवर निदान होतं लो शुगर. मालकीणबाईंची जरा निराशाच झाली असावी.

आमचे कॉल रेकॉर्ड होतात. मराठी भागाचं भाषांतर वाचून डेनाने मला बोलावलं.

“तू पेशंटला सांगितलंस की चंद्र उगवला?”

“हो.”

“उगवला होता?”

“नाही.”

तिने रिपोर्टचा फॉर्म पुढे ओढला. “हे कोणत्या प्रोटोकॉलमध्ये बसवू?”

आठवड्याने पुण्याहून काकूंचा फोन आला. आभार वगैरे काकांनी आधीच मानले होते.

“मी कॅलेंडर बघितलं,” काकू म्हणाल्या. “तेव्हा चंद्र उगवला नव्हता.”

“नव्हता, काकू.”

“म्हणजे उपास मोडला. त्याचं पाप तुम्हाला.”

“चालेल. आमच्याकडे उपासच नसतात, जागा भरपूर आहे.”

त्या हसल्या. मग म्हणाल्या, “शेवटच्या दालनातली चित्रं बघायची राहिली हो. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली होती, पण यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खायला लावलं असतं.”

डेनाला फॉर्ममध्ये नवा प्रश्न घालायचा होता: पेशंटचा उपास आहे का? मी नको म्हटलं. चोरून उपास करणारी बाई त्याला ‘नाही’ म्हणणार आणि तिचा नवराही. आता मी ‘जेवलात का’ विचारतच नाही. सकाळपासून पोटात काय काय गेलं, तेवढं एकेक करून सांगा म्हणते. बहुतेक वेळा तिसऱ्या पदार्थाशी गाडी अडते आणि खरं बाहेर येतं.

कॅलेंडर आता स्ट्रोकच्या चार्टशेजारी भिंतीवर लावलंय. मराठी एक अक्षर न येणारी डेना सकाळी लॉगिन करायच्या आधी तिथे थांबते, आजच्या चौकटीवर बोट ठेवते आणि मला विचारते, “मून डे?”