तानाबाईच्या झोपेचे खड्डे

चाकणजवळच्या आमच्या गावात झोपेसाठी कुणाची कीव करावी लागेल असं कधी वाटलं नव्हतं. पण माझ्या शेजारच्या तानाबाईची येते. तिच्या घरामागं शेताचा एक तुकडा उरलाय आणि त्यापलीकडं लोखंड ठोकणारी कंपनी. तिथला हातोडा तिन्ही शिफ्टला पडतो. आवाजाची सवय होते हो, पण जमिनीतून येणारा हादरा खाटेच्या पायातून थेट हाडात शिरतो. तानाबाईचा डोळाच लागेना. चक्कर येऊन पडायला लागली. झोपेशिवाय औषध लागू पडणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं.

बरीच बोंबाबोंब केल्यावर कंपनीनं तेजस्विनी नावाची इंजिनिअर पाठवली. पोरगी गुणी. तिनं त्या तुकड्यात मापून खोल, पोकळ खड्ड्यांच्या रांगा पाडल्या.

"आजी, हादरा लाटेसारखा येतो. खड्ड्यांमधलं अंतर त्या लाटेच्या मापानं ठेवलंय. ती इथंच अडते, मागं फिरते. फक्त खड्डे रिकामे राहू द्या."

गाव हसलं. पण हंड्यातलं पाणी थरथरायचं थांबलं आणि तानाबाई भरदुपारी घोरू लागली. नवरा धर्माजी तर ते घोरणं ऐकायला लोकांना बोलवायचा.

पुढं खड्ड्यांवर झाकलेल्या लोखंडी जाळ्या भंगारचोरांनी नेल्या. मग तानाबाईच्या मुलाचा, आदिनाथचा, शर्यतीचा बैल चरताना एका खड्ड्यात पाय जाऊन पडला. पाय थोडक्यात वाचला. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळणारा बैल म्हणजे आमच्याकडं घराची अब्रू! आदिनाथनं मुरुमाच्या ट्रॉल्या मागवून सगळे खड्डे गच्च बुजवले, वर रोलर फिरवला. आईची झोप त्या पोकळीतच होती, हे या शहाण्याच्या डोक्यात आलंच नाही. संध्याकाळी हंडा पुन्हा थरथरला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

खड्डे पुन्हा पाडून द्या म्हणून तो कंपनीत धावला. पण मापं ठाऊक असलेली तेजस्विनी नोकरी सोडून गेली होती. "प्रयोग संपला. खड्डे तुम्हीच बुजवलेत," नवा साहेब म्हणाला. खोटं काहीच नव्हतं, तरी मला त्याचा संताप येतो.

परवा भेटायला गेलो. तानाबाई खाटेची कड घट्ट धरून बसली होती. आदिनाथ उंबऱ्यात.

"आये, चुकलं माझं."

"बैल बरा हाय ना?"

"व्हय."

"मग झालं. मी गेले का नदीवर न्या. तिथवर हातोडा येत नसंल."

आदिनाथ तोंड फिरवून रडू लागला. मलाही तिथं बसवेना.